जावा समुद्रातून युद्धनौका गेल्या कुठे?

नोव्हेंबर २०१६. जावा समुद्रातल्या लढाईला ७५ वर्षं पूर्ण व्हायला जेमतेम तीन महिने उरले होते. त्या स्मृतिदिनाच्या तयारीसाठी डायव्हर्सचं एक पथक इंडोनेशियातल्या बावेअन बेटाच्या परिसरात उतरलं. डच नौदलाच्या तीन युद्धनौका तिथे तळाशी आहेत हे माहीत होतं. हौशी पाणबुड्यांनी त्या बरीच वर्षं आधी शोधून काढल्या होत्या. यावेळी सोनारवर (ध्वनिलहरींनी समुद्रतळ दाखवणाऱ्या यंत्रावर) चित्र उमटलं ते रिकाम्या जागेचं. 'डे राउटर' आणि 'जावा' या दोन्ही क्रूझर तिथे नव्हत्याच. 'कोर्टेनार' या विनाशिकेचाही मोठा भाग नाहीसा झालेला. समुद्रतळावर राहिले होते ते फक्त जहाजांच्या आकाराचे खळगे.

'डे राउटर' सुमारे १७० मीटर लांब होती. एवढं जहाज कोणी खिशात घालून नेत नाही. ते भंगारासाठी कापायला महिनोन्महिने लागले असणार, आणि तेवढा काळ वर क्रेन उभ्या होत्या.

२७ फेब्रुवारी १९४२ ला याच समुद्रात डच, ब्रिटिश, अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन जहाजांचा एक घाईघाईने गोळा केलेला ताफा जपानी आरमाराला अडवायला निघाला. नेतृत्व रिअर अ‍ॅडमिरल कारेल डोर्मन यांच्याकडे. दुपारी सुरू झालेली लढाई रात्री उशिरा संपली, तेव्हा डोर्मन स्वतः 'डे राउटर'बरोबर गेले होते. या तीन डच नौकांवर ९०० हून अधिक माणसं मेली. त्यांत इंडोनेशियाच्या बेटांवरचे खलाशीही होते. बहुतेकांचे देह कधीच वर आले नाहीत. त्यांच्या घरच्यांना सांगायला एवढंच होतं, की तो अमुक जहाजात आहे आणि ते जहाज अमुक ठिकाणी आहे. २०१६ मध्ये तेही गेलं.

त्याच पाहणीत कळलं की ब्रिटिशांच्या 'एक्झेटर' आणि 'एन्काउंटर'ही जवळजवळ संपल्यात आणि अमेरिकेची 'पर्च' ही पाणबुडी जागेवर नाही.

हे काम कसं चालतं ते सांगतो, कारण 'जहाजचोरी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खजिना शोधणारा एखादा धाडसी पाणबुड्या येतो. तसं काही नाही. क्रेन बसवलेला मोठा बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नौका, बुडालेल्या जहाजाच्या बरोबर वर नांगर टाकतो. आधी पाणबुडे उतरतात, अनेकदा वरच्या कॉम्प्रेसरला जोडलेल्या साध्या नळीतून हवा घेत. पहिल्यांदा जातो पंखा, म्हणजे प्रोपेलर, कारण तो ब्राँझचा असतो. मग कंडेन्सरमधल्या तांब्याच्या नळ्या, पितळी व्हॉल्व्ह. त्यानंतर पोलादाची पाळी. कुठे स्फोटकं लावून सांगाडा उघडतात, कुठे टनावारी वजनाचा लोखंडी पंजा वरून सोडतात. तो पंजा हाताला लागेल ते ओरबाडून वर घेतो. त्यात पत्रा असतो, न फुटलेले तोफगोळे असतात आणि माणसांची हाडं असतात. बार्जवर वेगळं काढून ठेवलं जातं ते फक्त विकलं जाणारं.

यावर इंटरनेटवर एक गोष्ट फार फिरते. १९४५ च्या अणुचाचण्यांनंतर हवेत किरणोत्सारी कण मिसळले, ते नव्या पोलादात उतरतात, म्हणून त्याआधीच्या पोलादाला अतिसंवेदनशील उपकरणांसाठी सोन्याचा भाव आहे आणि चोरी त्यासाठीच होते. असं पोलाद खरोखर वापरलं गेलं आहे. पण चोरीचं कारण तेच, हे मला पटत नाही. वातावरणातल्या चाचण्या १९६३ च्या करारानंतर कमी होत गेल्या आणि हवेतलं प्रमाणही खूप उतरलं. शिवाय प्रयोगशाळेला पोलाद कुठून आलं याची खात्री लागते, चोराला नेमकी तीच पुसायची असते. साध्या भंगाराचा भाव आणि तांबं-ब्राँझ, एवढं कारण पुरेसं आहे. रहस्यकथा जोडल्याने हा धंदा उगाच मोठ्या बुद्धीचा वाटायला लागतो.

मे २०२३ मध्ये मलेशियाच्या सागरी सुरक्षा यंत्रणेने 'चुआन होंग ६८' हे चीनमध्ये नोंदलेलं जहाज पकडलं. त्यावर जुनं पोलाद आणि तोफगोळे सापडले. संशय होता 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या दोन ब्रिटिश नौकांचा. १० डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी दोन्ही नौका कुआंतानजवळ बुडवल्या, सुमारे ८४० जण गेले. 'प्रिन्स ऑफ वेल्स' ही तीच नौका, जिच्यातून चार महिने आधी चर्चिल रूझवेल्टना भेटायला अटलांटिक पार करून गेले होते. या दोन्ही नौका वर्षानुवर्षं तोडल्या जात होत्या. ब्रिटनमध्ये संताप व्यक्त झाला, निवेदनं निघाली. निवेदनांनी पंजा थांबत नाही.

मला दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा, की लोखंडच आहे, कुणाच्या तरी पोटाला मिळतंय, मेलेल्यांचं काय जातं? लोखंड वितळवायला माझा अजिबात विरोध नाही. आपली जुनी विमानवाहू नौका 'विक्रांत' २०१४ मध्ये मुंबईत दारूखान्यात तोडली गेली, तिच्या धातूतून मोटरसायकलही निघाली. अनेकांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण ती सरकारने लिलावात विकलेली, रिकामी नौका होती. तिच्यात कोणी झोपलेलं नव्हतं. आणि पोटाचं म्हणाल, तर नळी तोंडात धरून साठ मीटर खाली जाणाऱ्या पोराला सर्वांत कमी मिळतं आणि मरतोही तोच. क्रेनचा बार्ज गरिबाचं हत्यार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. या नौका साम्राज्यांच्या होत्या. ज्यांनी इंडोनेशियाला गुलाम ठेवलं त्यांच्या जहाजांवर इंडोनेशियाने पहारा का द्यावा? २०१६ मध्ये तिथल्या पुरातत्त्व खात्यातून उत्तर आलं होतं, की डचांनी आम्हाला राखण करायला कधी सांगितलंच नाही. हे उत्तर मला योग्य वाटतं. आपणही त्याच इतिहासातून आलोय. पण त्या बॉयलर रूममधला जावानीज खलाशी साम्राज्याचा मालक नव्हता, पगारासाठी भरती झालेला माणूस होता. आणि नीट विचारलं की इंडोनेशिया सोबत येतो, हेही दिसलंय. सुंदा सामुद्रधुनीत ३५३ जणांसह बुडालेल्या ऑस्ट्रेलियाच्या 'पर्थ'ची पाहणी दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी मिळून केली आणि २०१८ मध्ये तो भाग संरक्षित झाला. दुर्दैव हे, की तोवर सांगाड्याचा मोठा हिस्सा गेला होता.

कायद्याची गत बघा. युद्धनौका बुडाली तरी ती तिच्या देशाचीच राहते. ब्रिटनचा १९८६ चा कायदा आहे, अमेरिकेचा २००४ चा आहे. पण ब्रिटनचा कायदा परक्या समुद्रात परक्या माणसाचं काहीच करू शकत नाही. युनेस्कोचा २००१ चा करार शंभर वर्षं पाण्याखाली असलेल्या वस्तूंना लागू होतो, म्हणजे 'डे राउटर' त्यात बसेल ती २०४२ मध्ये. तेव्हा जपायला काय असेल?

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे, की ही चोरी समुद्रात गस्त घालून थांबणार नाही, ती बंदरात थांबेल. एवढा सगळा माल बार्जवर कायम राहू शकत नाही. तो कुठल्यातरी धक्क्यावर उतरतो, कुठल्यातरी काट्यावर तोलला जातो, कोणीतरी कागद बनवतो, कुठलीतरी भट्टी तो विकत घेते. एकदा वितळला की पुरावा संपला. त्याआधीच्या त्या चार-पाच टप्प्यांवर बोट ठेवायला फार मोठं आरमार लागत नाही. 'हे जहाज कुठलं, तोडायची परवानगी कुणाची' एवढा प्रश्न विचारणारा अधिकारी लागतो, आणि न विचारणाऱ्या खरेदीदाराला शिक्षा लागते.

हे सगळं आपल्यापासून लांबचं नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपली युद्धनौका 'खुकरी' दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्याच युद्धात पाकिस्तानची 'गाझी' ही पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली, आतल्या सगळ्यांसह. ती आपल्या दारात आहे, शत्रूची आहे, आणि तरीही आपल्या नौदलाने तिला तोडलेलं किंवा वर काढलेलं नाही. २०२४ मध्ये नव्या साधनांनी तिची जागा पुन्हा निश्चित झाली, तेव्हाही मृतांचा मान म्हणून तिला तसंच राहू दिलं. या एका गोष्टीचा मला मनापासून अभिमान आहे.

व्यापारी जहाजांना तेवढंही मिळत नाही. 'सिटी ऑफ कैरो' ऑक्टोबर १९४२ मध्ये मुंबईहून चांदीचे रुपये घेऊन निघालं आणि दक्षिण अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने ते बुडवलं. त्यावर हिंदी खलाशी मोठ्या संख्येने होते. पाच किलोमीटर खोलीवरून ती चांदी काही वर्षांपूर्वी वर काढली गेली, रीतसर ब्रिटिश सरकारच्या परवानगीने. बेकायदा काहीच नाही. पण त्या काळी अशा जहाजांवर कोकणातले, गोव्यातले सारंग, टंडेल, भंडारी अशा हुद्द्यांवरचे खलाशी किती असायचे हे आपल्या किनाऱ्यावरच्या घरांना माहीत आहे. त्यांच्या वारसांना कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

भारताने युनेस्कोच्या त्या करारावर अजून सही केलेली नाही. ती करावी. 'खुकरी' बारा सागरी मैलांच्या हद्दीबाहेर आहे, तिथपर्यंत पोहोचणारं स्पष्ट संरक्षण तिला कायद्याने द्यावं, आणि 'गाझी'लाही. नौदलाच्या सभ्यतेवर सगळं सोडून चालणार नाही, कारण बार्जवाल्यांना नौदलाची सभ्यता लागू होत नाही.

माझ्या मित्रयादीत मर्चंट नेव्हीतले, कस्टम्समधले आणि भंगाराच्या व्यवसायातले बरेच जण आहेत. समुद्रातून आलेल्या धातूची आपल्या बंदरांत प्रत्यक्षात कोणती कागदपत्रं बघितली जातात, हे कृपया कमेंटमध्ये लिहा. नेमकं काय मागायचं ते त्यावरून ठरवता येईल, आणि मग आपल्या खासदारांना पाठवायचं पत्र आपण मिळून तयार करू.