डीएचसीपीचं राहिलंच की!

जुना राउटर वापरून घरातल्या लांबच्या खोलीत वायफाय पोचवण्यावरच्या लेखातलं "जुना राउटर केबलने जोडला की झालं" हे वाक्य वाचून हसू आलं. आम्ही नेमकं तेच केलं आणि अख्ख्या घराचं नेट बसलं. दोन्ही राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१, वर दोघेही फोन-लॅपटॉपना आयपी, म्हणजे नेटवर्कमधले पत्ते, वाटायला बसलेले! जुन्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला, त्याचं डीएचसीपी (हे पत्ते आपोआप वाटायची सोय) बंद केलं, केबल वॅन (बाहेरून इंटरनेट येणाऱ्या) पोर्टमध्ये न लावता लॅन (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टमध्येच ठेवली, तेव्हा कुठे मागच्या खोलीत आईचा व्हिडिओ कॉल अडखळायचा थांबला.

आणखी एक, जुन्या डब्याचे पोर्ट बहुतेकदा १०० एमबीपीएसचेच असतात. आमचा प्लॅन ३०० चा, पण तिथे काटा ९४च्या पुढे जाईना. मी उगाच केबलला दोष देत दोनदा कनेक्टर बदलून घेतले.