तुलुममधली सत्तर मिनिटं आणि विमानतळावरची ती रात्र

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला, मग बायकोलाही वाचून दाखवला. लगेच उत्तर लिहायला बसलो नाही, कारण तेव्हा लिहिलं असतं तर नुसती सफाई दिल्यासारखं झालं असतं. जानेवारीत आम्ही तुम्हाला नेलेल्या क्रूझबद्दल तुम्ही तीन तक्रारी केल्या आहेत. मेक्सिकोतल्या तुलुममधून, म्हणजे माया लोकांच्या जुन्या अवशेषांमधून, दोन तास आधीच ओढून काढलं आणि मग जहाजावर अडीच तास नुसतं बसवून ठेवलं. फेरीबोटीत तुमच्या आईंना उलट्यांनी हैराण केलं. आणि परतताना विमान चुकलं तेव्हा आम्ही हात वर केले. तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलंत, म्हणून उत्तरही सगळ्यांसमोर देतो. भारतातून मुलांकडे आलेल्या आईबाबांना आमच्यासोबत पाठवावं की नाही, हे लोक असलं वाचूनच ठरवतात.

आधी तुलुम. तिथे मी घाई केली आणि ती जाणूनबुजून केली.

आपलं जहाज कोझुमेल बेटाला लागलं होतं. तुलुम आहे समोरच्या किनाऱ्यावर. म्हणजे आधी फेरीबोटीने पाऊण तास प्लाया देल कार्मेन, मग बसने तासभर, उतरल्यावर दारापर्यंत चालणं, आणि येताना हे सगळं उलट. ही सहल जहाज कंपनीची नव्हती, आमची होती. कंपनीच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं. आमच्यासारख्या बाहेरच्यांसाठी ते थांबत नाही. अकरा माणसं, त्यांतली सहा सत्तरीच्या पुढची, बहुतेक भारतीय पासपोर्टवर आलेली. ही मंडळी धक्क्यावर उभी आणि जहाज निघालेलं, हे चित्र प्रत्येक सहलीत माझ्या डोळ्यांसमोर असतं.

हिवाळ्यात त्या समुद्रावर उत्तरेकडून जोराचा वारा सुटतो. तिथले लोक त्याला 'नोर्ते' म्हणतात. वारा वाढला की बंदराचे अधिकारी बोटी बंद करू शकतात. त्या दिवशी सकाळीच लाटा उसळायला लागल्या होत्या. आमच्या स्थानिक गाइडने तुलुमच्या दाराशी मला बाजूला घेऊन सांगितलं, की चारच्या बोटीवर विसंबू नका, दोनची गाठा. मी गाठली. नंतरच्या बोटीही सुटल्या, हे तुमचं म्हणणं खरं आहे. तरी पुन्हा तसा दिवस आला तर मी दोनचीच बोट पकडेन. यात मला माफी मागण्यासारखं काही वाटत नाही.

पण 'दोन तास आधी' कुठून आलं, ते मला तुमचा मजकूर दुसऱ्यांदा वाचताना कळलं. आपण दीडला निघणार होतो, साडेबाराला निघालो. तुमच्या मनगटी घड्याळात तेव्हा साडेअकरा वाजले होते, कारण ते टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनच्या, म्हणजे आपण जिथून निघालो त्या बंदराच्या वेळेवर होतं आणि जहाजही त्याच वेळेवर चालत होतं. तुलुम, कोझुमेल ज्या राज्यात येतात त्या किन्ताना रूने २०१५ पासून आपली वेळ बदलली, त्यामुळे हिवाळ्यात तिथलं घड्याळ टेक्सासच्या एक तास पुढे असतं. आपल्या घड्याळात तीन वाजलेले असतात आणि धक्क्यावरून चारची बोट सुटत असते. मी बसमध्ये हे दोनदा सांगितलं होतं, पण हातात दिलेल्या कागदावर कुठली वेळ ते लिहिलेलंच नव्हतं. ती चूक माझी. आता प्रत्येक वेळेपुढे 'किनाऱ्याची' किंवा 'जहाजाची' असं छापतो.

आणि जे राहिलं ते राहिलंच, हेही मान्य. सत्तर मिनिटांत एल कास्तियो हे मुख्य देऊळ बघून झालं, पण डोकं खाली करून उतरणाऱ्या देवाच्या देवळापाशी आपण जेमतेम थांबलो आणि भित्तिचित्रांचं देऊळ तर चालता चालता पाहिलं. आई मात्र तटाजवळच्या सावलीत बसल्या होत्या. पुढ्यातल्या दगडावर एक भलामोठा इग्वाना ऊन खात पडला होता. त्या मला म्हणाल्या, "अगदी आपली घोरपड हो!" मग विचारलं, "किल्ला आहे का हा?" तीन बाजूंना तट आणि चौथ्या बाजूला कडा नि समुद्र बघून कोकणातल्या माणसाला दुसरं काय वाटणार? मी सांगितलं, की कास्तियो म्हणजे किल्ला हे नाव स्पॅनिश लोकांनी दिलं, आहे ते मायांचं देऊळ. समोर प्रवाळाच्या रांगेत एक खिंड आहे, व्यापाराच्या होड्या तिथून आत यायच्या. त्या बराच वेळ त्या खिंडीकडे बघत होत्या. तेवढ्यात मी "चला, चला" केलं. ते मलाही टोचलंय.

बोटीतल्या त्रासाबद्दल. लाटा असताना खाली, मधल्या भागात बसायचं असतं. आईंना वरच्या मजल्यावर पुढे जागा मिळाली, आणि पुढचं टोक सगळ्यात जास्त आपटतं. त्यांना आधी खाली बसवणं हे माझं काम होतं. खरं तर त्यांना बोटीत न्यायलाच नको होतं. कोझुमेलवरच सान हेर्वासियो आहे, इश्चेल देवीचं जुनं ठाणं. चंद्राची, बाळंतपणाची देवी. पूर्वी मुख्य भूमीवरून माया बायका होडीने समुद्र ओलांडून तिच्या दर्शनाला यायच्या. जहाजापासून टॅक्सीने जाता येतं, फेरी नाही, धावपळ नाही. पुढच्या मोसमापासून समुद्र लागणाऱ्यांना आम्ही तिकडे नेणार आहोत. बोट गाठण्याच्या नादात बुडालेल्या जेवणाचे पैसे सगळ्यांना परत केले आहेत.

आता शेवटचा दिवस. त्याबद्दल लिहायला मला जड जातंय.

हिवाळ्यात गॅल्व्हस्टनच्या तोंडाशी दाट धुकं पडतं. गार पाण्यावर उबदार, दमट हवा आली की समोरचं काही दिसत नाही, आणि धुकं उठेपर्यंत जहाजांना खाडीत घेत नाहीत. त्या रविवारी सकाळी सातला लागणारं जहाज दुपारी बाराच्या सुमारास लागलं. तुमचं विमान होतं बारा चाळीसचं. धुकं माझ्या हातात नव्हतं. पण 'बारानंतरचं विमान घ्या' हे आमच्याच कागदावर छापलेलं होतं. उन्हाळ्यात ते चालतं. जानेवारीत तोच सल्ला देणं हा निष्काळजीपणा होता, आणि मी ह्यूस्टनमध्ये इतकी वर्षं राहून हे लक्षात ठेवायला हवं होतं.

त्याहून वाईट पुढे झालं. तुम्हाला विमानतळावर सोडून मी बाकीच्यांना पोचवायला गेलो. चार वाजता फोन केला, तुम्ही म्हणालात संध्याकाळच्या विमानात जागा मिळेलसं वाटतंय. मी म्हटलं, "बरं, काही लागलं तर सांगा." आणि घरी जाऊन झोपलो. जागा मिळाली नाही. आई रात्रभर खुर्चीवर बसल्या, आणि आमचं घर तिथून चाळीस मिनिटांवर. चार दिवसांच्या ओळखीवर, रात्री आईला घेऊन येते असं कोण स्वतःहून सांगेल? मीच नऊ वाजता फोन करायला हवा होता. बायको तुमचं लिहिलेलं ऐकून उठून आत गेली. म्हणाली, "निदान मला तरी सांगायचंत, मी खिचडी टाकून गाडी काढली असती." ताई, आम्हाला माफ करा. आईंनाही तसं सांगा.

तिकीट बदलायला लागलेला फरक आज तुमच्या खात्यात पाठवला आहे. डिसेंबर ते मार्च ज्यांचं विमान त्याच दिवशी असेल त्यांची नोंदणी आम्ही घेणार नाही. रविवारची रात्र ह्यूस्टनमध्येच, हॉटेलात किंवा आमच्याकडे, सहलीच्याच पैशांत. आणि शेवटचा माणूस विमानात बसेपर्यंत आमच्यापैकी एकजण विमानतळावर थांबेल.

अभिप्रायात तुम्ही दिलेले तारे बदलावेत म्हणून हे लिहिलेलं नाही, ते तसेच राहू द्या. तुलुमच्या तटाजवळ आई बसल्या आहेत, बाजूला ती 'घोरपड', मागे समुद्र, असा एक फोटो माझ्याकडे आहे. त्यांना चालणार असेल तर मोठा करून पाठवतो. पत्ता तेवढा कळवा.