पाणथळ जगवा, पाणी सोडून

तुमच्या हद्दीत एखादी पाणथळ जागा अजून शिल्लक असेल, तर आधी अभिनंदन. आता तिचं पुनरुज्जीवन करायचं मनात आलंच असेल, तर दोन शब्द ऐकून घ्या. या कामात एकच गोष्ट टाळायची असते: पाणी. (वरच्या शीर्षकातलं ‘सोडून’ हे ‘वगळून’ या अर्थाने वाचावं. नळ सोडतात तसं नव्हे.)

मूळ काम लाज वाटेल इतकं स्वस्त आहे. खाडीची भरती जिथून आत यायची ते तोंड मोकळं करायचं, बुजलेली मोरी उपसायची आणि घरी जायचं. उरण-पेणकडच्या खारजमिनीतल्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला हे जमतं. उघाडीची (बांधातल्या पाणदाराची) झडप कधी उचलायची, कधी टाकायची, ते तो तिथीवरून सांगतो. म्हणूनच त्याला बैठकीला बोलवायचं नसतं. चार मजूर आणि दोन फावडी एवढ्यात टेंडर बसत नाही. बसलं तरी फीत कापायला गाळात कोण उतरणार?

त्यापेक्षा पुतळे बसवा. नवी मुंबईने वाट दाखवलीच आहे: स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवून घ्यायचं आणि रस्त्याकडेला गुलाबी पक्षी उभे करायचे. खरा रोहित पक्षी फार नखरेल. त्याला उथळ पाणी हवं, त्यात शेवाळ हवं. ते पोटात गेलं नाही तर त्याचा गुलाबी रंगसुद्धा टिकत नाही. पुतळ्यावर अधूनमधून रंगाचा हात मारला की भागतं. 2024 च्या उन्हाळ्यात नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येईनासं झालं होतं आणि त्याच परिसरात रोहित मरून पडत होते. पुतळा एकही दगावला नाही.

झाडं तर लावाच. चिखल दिसला की लावा. ओहोटीला उघडा पडणारा चिखल म्हणजे हिवाळ्यात दूर उत्तरेकडून आलेल्या चिखल्या-तुतवार पक्ष्यांची पंगत. त्यांच्या पानात तिवराची, म्हणजे खारफुटीची, रोपं रोवलीत की वनक्षेत्राचा आकडाही वाढतो आणि पाहुणेही उठतात.

कार्बनचं कौतुक मात्र तोंडभरून करा. सांगा की हेक्टरी हिशेबात कांदळवन डोंगरावरच्या जंगलाच्या कितीतरी पट कार्बन साठवतं, आणि तोही झाडांत कमी, खालच्या गाळात जास्त. गाळ पाण्याने भरलेला असतो, तिथे प्राणवायू पोचत नाही, त्यामुळे पडलेला पालापाचोळा शतकानुशतकं पुरता कुजत नाही. इथे थांबा, टाळ्या घ्या. पुढचं वाक्य गिळा: तोच गाळ सुकवला की शतकांची ठेव मोडून हवेत जायला लागते. बँक ठेव मोडताना निदान सही तरी मागते.

कायद्याची धास्ती वाटत असेल, तर व्याख्या वाचा. 2017 च्या पाणथळ नियमांतून भातखाचरं वगळली आहेत, मीठ पिकवायला बांधलेली मिठागरंही वगळली आहेत. आता किनारपट्टीवरच्या पाणथळीचं कूळ जरा खणा. कुणा ना कुणा पिढीत ती यातलं काहीतरी निघतेच. राहता राहिलं कांदळवन. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याच्या तोडीला बंदी घातली, भोवती 50 मीटरचा पट्टा राखायला सांगितला. तर तोडू नका. कोयतीला हातसुद्धा लावू नका. भरतीच्या वाटेवर राडारोड्याचे डंपर रिकामे होऊ द्या, भरती अडली की तिवर आपसूक वाळतं. मग पाहणीला आलेल्या साहेबांना तीच वाळकी खोडं दाखवायची आणि खेदाने म्हणायचं, हवामानबदल!

उरतो 2 फेब्रुवारीचा जागतिक पाणथळ दिन. मंडप त्या कोरड्या तलावातच घाला. जमीन सपाट, पार्किंग मुबलक, सेल्फीला मागे पुतळा. फक्त आदल्या दिवशी पंचांग बघून ठेवा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला खाडीला उधाण असतं. अशा दिवशी तो म्हातारा फावडं घेऊन मोरीच्या दिशेने जाताना दिसला, तर भाषण आवरतं घ्या आणि आधी खुर्च्या उचला.