मार्शमेलो, जुने खडू आणि संत्याचं श्रीखंड

काल कट्ट्यावर जाम जुंपली. संत्याच्या पोरीने पाहुणे यायच्या आधीच फ्रिजमधलं श्रीखंड संपवलं, तर हा म्हणे आजकालच्या पोरांना कंट्रोल म्हणून नाहीच, आणि मग ते अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातलं काढलं, मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेलचं, की पोरापुढे एक मार्शमेलो, म्हणजे मऊ गोड गोळी, ठेवायचा, मी येईपर्यंत थांबलास तर दोन देईन सांगून निघून जायचं, आणि जी थांबली ती पुढे अभ्यासात पण सरस निघाली.

मी म्हटलं अरे अर्धंच सांगतोयस. 2018 मध्ये 900 च्या वर मुलांवर परत तपासलं तर तो संबंध निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर त्यातलाही बराच गळाला.

पण मला खरा लागलाय तो 2013 चा प्रयोग, अमेरिकेतल्याच रॉचेस्टर विद्यापीठातला, सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा. मुलाला चित्र काढायला आधी जुने वापरलेले खडू दिले आणि सांगितलं थांब, मस्त नवे आणते. निम्म्या मुलांना खरंच आणून दिले. बाकीच्यांकडे रिकाम्या हाताने परत, सॉरी बाळा, नाहीयेत. स्टिकरचंही तसंच. मग मार्शमेलो. ज्यांना शब्द पाळलेला दिसला ती सरासरी 12 मिनिटं थांबली, फसवलेली 3 मिनिटं. पूर्ण 15 मिनिटं थांबणारे तिकडे 14 पैकी 9, इकडे 14 पैकी 1!

संत्या लगेच, 28 पोरांवरून काय ठरवतोस? बरोबरे, लहान प्रयोग आहे, मी मान्य केलं. पण फरक केवढाय बघ ना.

विद्या म्हणाली मिशेलनेच दाखवलंय की तो खाऊ झाकून ठेवला किंवा पोरं दुसऱ्याच कशात रमली की जास्त वेळ थांबतात, म्हणजे दात आवळून बसणं नाहीये ते, युक्ती आहे, आणि युक्ती शिकवता येते.

दत्तू एवढा वेळ गप्प होता. म्हणाला आमचे बाबा दर महिन्याला म्हणायचे पगार झाला की सायकल. दहावीपर्यंत चालत गेलो मी. आजही ताटात गोड आलं की पहिलं तेच खातो, शेवटी ठेववतच नाही.

कुणी काही बोललं नाही मग. संत्या म्हणाला पण माझ्या पोरीला मी कधी फसवलेलं नाहीये रे. मी म्हटलं मग पुढच्या वेळी डबा मागे ठेव, समोर नको, सहा वर्षांची आहे ती.