रोधक बाजूला चुंबकीय क्रम 'असतोच'? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

तापमान बदललं की काही ऑक्साइडं वीज वाहून नेणाऱ्या धातू अवस्थेतून वीज अडवणाऱ्या रोधक अवस्थेत जातात, हे धातू-रोधक संक्रमण. अणूंची चुंबकीय आघूर्णं (अणू म्हणजे जणू छोटे चुंबक) ठरावीक मांडणीत लागली की तो चुंबकीय क्रम. व्हॅनॅडियमच्या ऑक्साइडांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: 'धातू-रोधक संक्रमणात रोधक बाजूला चुंबकीय क्रम असतोच. लेखकाने मुळातून वाचलेलं दिसत नाही. खानदेशातल्या कॉलेजांत प्रयोगशाळा कुठून असणार, म्हणून दोष देत नाही.'

दोष देत नाही म्हणायचं आणि टोचायचंही, ही कसली रीत? जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी उभी हयात भौतिकशास्त्र शिकवलं. द्रव नायट्रोजन आम्ही जनावरांच्या कृत्रिम रेतन केंद्रातून मागून आणायचो. व्हॅनॅडियम सेस्क्विऑक्साइडची (V₂O₃) भाजलेली टिकली, तिला सिल्व्हर पेंटने चिकटवलेल्या चार बारीक तारा. तापमान 160 केल्विनच्या खाली उतरू लागलं की मीटरवरचा रोध भराभर चढायचा, आणि नेमकी तेव्हाच टिकली तडकून एखादी तार सुटायची. तिथे स्फटिकाची रचनाच बदलते, आकारमान टक्काभर वाढतं. हे मी नुसतं वाचलेलं नाही, सुटलेल्या तारा पुन्हा चिकटवत शिकलोय.

या ऑक्साइडापुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. संक्रमणाच्या तापमानावर अनुचुंबकीय, म्हणजे आघूर्णांना क्रम नसलेला धातू; खाली अँटिफेरोमॅग्नेटिक, म्हणजे शेजारची आघूर्णं उलटसुलट लागलेला रोधक. माझ्या लेखातही तेच आहे. पण तुम्ही 'असतोच' म्हणालात. तो 'च' मला मान्य नाही.

व्हॅनॅडियम डायऑक्साइड घ्या. मोरिन या संशोधकाने 1959 साली ज्या ऑक्साइडांमधली रोधाची ही उडी दाखवली, त्यांतलंच हे एक. संक्रमण 68 अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे नायट्रोजन नको, गरम पाणी पुरे. वरच्या धातू अवस्थेत ससेप्टिबिलिटी, म्हणजे बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद, चांगली मोठी असते. थंड होऊन रोधक झालं की ती एकदम कोसळते आणि पुढे तापमानाबरोबर फारशी हलत नाही. कारण व्हॅनॅडियमचे अणू दोन-दोनच्या जोड्या करतात, प्रत्येकाकडचा एकेक इलेक्ट्रॉन जोडीदाराच्या उलट स्पिनने बांधला जातो आणि चुंबकीय आघूर्णच उरत नाही. क्रम लावायला शिल्लक काय राहिलं?

निकेलेटं, म्हणजे निकेल असलेली ऑक्साइडं, तर तुमचं विधान आणखी उघडं पाडतात. निओडिमियम निकेलेट 200 केल्विनच्या सुमारास एकाच वेळी रोधकही होतं आणि अँटिफेरोमॅग्नेटिकही. हे एकच पाहिलं तर तुमच्यासारखं वाटणं साहजिक आहे. पण समेरियम निकेलेट 400 केल्विनजवळच रोधक होतं आणि चुंबकीय क्रम येतो थेट 225 केल्विनच्या आसपास. मधल्या पावणेदोनशे अंशांत ते क्रमाविनाच रोधक असतं. तुमच्या नियमात हे बसवून दाखवा.

आलेखाच्या आडव्या अक्षावर एकक लिहिलं नव्हतं, ही तुमची तक्रार रास्त आहे. आज लिहिलं. मॉट की पायर्ल्स (रोध इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या प्रतिकर्षणाने येतो की अणूंच्या जोड्या जमल्याने, हा वाद), संदर्भ का नाहीत, भाषा सोपी का, या बाकीच्या मुद्द्यांत मी शिरत नाही. ही भाषा मी बारावी झालेल्या पोरांसाठी ठरवून निवडली आहे आणि ती बदलणार नाही.

आता मला एक सांगा. मॅग्नेटाइट हे लोखंडाचं ऑक्साइड साधारण 850 केल्विनपासून खाली फेरिमॅग्नेटिक असतं, म्हणजे आघूर्णं उलटसुलट पण असमान, म्हणून चुंबकत्व उरतं. 120 केल्विनजवळ, व्हर्वे संक्रमण म्हणतात त्या बदलात, त्याची वाहकता शंभरेक पटींनी पडते, आणि चुंबकत्व दोन्ही बाजूंना तसंच राहतं. मग रोधक बाजूला क्रम आहे एवढ्यावरून तिथला रोध त्या क्रमानेच आला, असं तुम्ही कशावरून म्हणणार? उत्तर इथेच लिहा, मी छापेन. फक्त खानदेश मध्ये आणू नका.