पावसाळाभर फोर-एच? पिकअपवाल्यांनो, हे करू नका

पहिला पाऊस पडला की पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज येतो. जूनमध्ये नॉब फोर-एचवर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणाऱ्या मोडवर टाका, दसऱ्यापर्यंत काढू नका. ब्रेक लवकर लागतात. सबवेत पाणी असेल तर फोर-एल (चारही चाकं, पण कमी वेग आणि जास्त ओढ) टाकून बिनधास्त घुसा, तो चालत्या गाडीतही पडतो. आणि वापरला नाही तर फोर-व्हील जाम होतो. यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं आहे.

फोर-एच कायम ठेवण्याचं आधी बघू, कारण नुकसान तिथेच जास्त होतं. व्ही-क्रॉस, हायलक्स या आपल्याकडच्या पिकअपमध्ये पार्ट-टाइम फोर-व्हील असतो, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा सेंटर डिफरन्शियल नसतो. फोर-एच टाकला की ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे पोचवणारी गिअरची पेटी) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधते, दोन्ही एकाच वेगाने फिरतात. पण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात टायर थोडा घसरतो आणि तो फरक निघून जातो. डांबरावर, काँक्रीटवर, पेव्हर ब्लॉकवर टायर सुटत नाही, मग सगळा ताण शाफ्टवर, गिअरवर आणि टायरवर साठतो. आमच्या सोसायटीत एका काकांनी फोर-एचमध्ये पूर्ण स्टिअरिंग कापून गाडी पार्क करायला घेतली. गाडी उड्या मारायला लागली, नंतर नॉब टू-एचवर (फक्त मागच्या दोन चाकांना ताकद) फिरवला तरी फोर-एच सुटेना. सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घेतलं तेव्हा सुटला.

‘रस्ता ओला आहे ना, मग चालतं’ असं उत्तर येतं. नाही चालत. ओल्या काँक्रीटवरही तंग वळणात टायरला पुरेशी पकड असते. रस्त्यावर चिखल किंवा सुटी खडी पसरली असेल तेव्हाच फोर-एच टाकावा, आणि पक्का रस्ता लागला की लगेच काढावा.

ब्रेकचं म्हणाल तर टू-एचमध्येही ब्रेक चारही चाकांना लागतात. फोर-व्हीलने गाडी निघायला मदत होते. थांबायचं ते टायरच्या पकडीवरच. टायरचा ट्रेड, म्हणजे खाचांची खोली, १.६ मिमीच्या खाली गेला असेल, हौदा रिकामा असेल आणि वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर पाण्याचा थर असेल, तर कोणताही मोड तुम्हाला वाचवणार नाही. उलट गाडी छान उचलते म्हणून आपण वेग वाढवतो, भीती मला त्याचीच वाटते. एक मात्र मान्य: चिखलाच्या तीव्र उतारावर फोर-एलमधलं इंजिन ब्रेकिंग खरंच कामाला येतं.

पाण्यात घुसण्याबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय. फोर-एलमध्ये ओढ साधारण अडीचपट होते, इंजिनची हवा घ्यायची जागा काही वर जात नाही. तिथून पाणी आत गेलं की ते हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेल्या इंजिनला पुन्हा सेल मारू नका. हायलक्सची पाण्यातून जायची मर्यादा ७०० मिमी खोली सांगतात, पण ती संथ पाण्यासाठी आणि खाली जमीन शाबूत आहे असं धरून. वाहतं पाणी ६० सेंटीमीटर असलं तरी मोठी गाडी ढकलली जाऊ शकते. मुंबईतल्या अंधेरी सबवेत पाणी किती हे वरून दिसत नाही, उघडं मॅनहोलही दिसत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा माणसं आपल्याच गाड्यांत अडकून मेली. बॅरिकेड दिसलं की गाडी वळवा.

चालत्या गाडीत फोर-एल? बहुतेक पिकअपमध्ये गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रलमध्येच तो टाकायचा असतो, नाहीतर गिअर घासतात. फोर-एच चालत्या गाडीत पडतो, तोही मॅन्युअलमधल्या वेगमर्यादेत.

आता ते खरं वाक्य. वापराविना फोर-व्हील खरंच अडून बसतो, पुढच्या भागांना तेलही पोचत नाही. म्हणून महिन्यातून एकदा मातीच्या मोकळ्या जागेवर थोडं अंतर फोर-एचमध्ये सरळ चालवा, मग टू-एचवर आणा आणि डॅशबोर्डवरचा दिवा विझला की नाही ते बघूनच रस्त्याला लागा.