चेर्नोबिलचा वणवा आणि चुकीच्या जागी धरलेला मीटर

जैतापूरचा विषय निघो वा फुकुशिमाचा, किरणोत्सारी वस्तूला आग लागली तर काय होईल, या प्रश्नावरची आपल्याकडची चर्चा एक तर 'सगळा मुलूख उजाड होईल' इथे थांबते, नाही तर 'काहीही होत नाही' इथे. या दोन टोकांच्या मध्ये बरेच काही आहे, आणि ते समजून घ्यायला एप्रिल २०२० मध्ये युक्रेनमधल्या चेर्नोबिलच्या निषिद्ध क्षेत्रात (१९८६ च्या अणुभट्टीच्या अपघातानंतर वस्ती हलवलेल्या भागात) लागलेल्या वणव्याइतके चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात व्होलोदिमिरिव्का या गावाजवळ आग लागली आणि वाऱ्याने पसरत प्रिप्यात या ओसाड शहराच्या वेशीपर्यंत आली. गवत पेटवल्याच्या संशयावरून एका तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले. (वसंतात वाळके गवत जाळण्याची सवय त्या भागात जुनीच आहे. 'नवे गवत चांगले येते' म्हणून सह्याद्रीतले डोंगर पेटवणारे आपण त्यांना नावे ठेवू नयेत.) युक्रेनच्या पर्यावरण निरीक्षण विभागाचे तेव्हाचे प्रभारी प्रमुख येगोर फिरसोव्ह यांनी फेसबुकवर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मीटरचा व्हिडिओ टाकला: आगीच्या मध्यभागी ताशी २.३ मायक्रोसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक), नेहमीचे प्रमाण ०.१४. ही बातमी जगभर गेली. राजधानी कीवमधली पातळी नेहमीसारखीच असल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, पण दोघांनीही मूळ मुद्दा हुकवला, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण असे मीटर मुख्यतः गॅमा किरण, म्हणजे दूरवर आरपार जाणारे किरण मोजते, आणि त्या क्षेत्रातल्या जमिनीत १९८६ सालापासून सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य मुरलेले असल्यामुळे आग असो वा नसो, कित्येक ठिकाणी ते एवढा आकडा दाखवतेच. धुरातून छातीत काय गेले, हे त्यावरून कळत नाही. ते कळायचे तर हवा फिल्टरमधून ओढावी लागते आणि त्या फिल्टरवर कोणते मूलद्रव्य किती बसले, हे प्रयोगशाळेत तपासावे लागते.

आगीने किरणोत्सर्ग नष्ट होत नाही, वाढतही नाही. अणू तेच राहतात, फक्त त्यांची जागा बदलते. सीझियम हे पोटॅशियमसारखे वागत असल्याने झाडे ते मुळांतून ओढून घेतात आणि पानगळीबरोबर ते पुन्हा पाचोळ्यात येते. पाचोळा पेटला की त्याचा काही भाग वाफ होऊन निघतो आणि धूर निवताच सूक्ष्म कणांवर जाऊन बसतो. स्ट्रॉन्शियम आणि प्लुटोनियम ही तिथली दुसरी किरणोत्सारी द्रव्ये मात्र सहसा वाफ होत नाहीत, ते राखेच्या आणि काजळीच्या कणांवर स्वार होऊनच उडतात. मोठे कण जवळच खाली बसतात. खरी भीती अडीच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतल्या कणांची, कारण ते थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात, आणि कागदानेही अडणारे प्लुटोनियमचे अल्फा कण तिथे आतून मारा करतात.

किती उडते, याचाही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने १९९४ साली काढलेल्या हस्तपुस्तिकेत हे प्रमाण सावधगिरीने, म्हणजे मुद्दाम जास्तीचे धरून दिले आहे: दूषित कचरा बांधीव वेष्टनात असताना जळाला तर त्यावरच्या किरणोत्सारी द्रव्याचा दोन हजारावा भाग हवेत जातो असे धरावे, आणि तसाच कागद, कापड मोकळे पडून जळाले तर शंभरावा. नुसत्या वेष्टनाने वीसपट फरक! जंगलातल्या पाचोळ्याला अर्थातच कसलेही वेष्टन नसते.

कोणते मूलद्रव्य आहे, यावर किती अवलंबून असते, हे भंगाराच्या भट्ट्यांनी दाखवून दिले आहे. १९९८ साली दक्षिण स्पेनमधल्या एका पोलाद कारखान्यात भंगारातून आलेला सीझियमचा किरणोत्सारी स्रोत वितळला, सीझियम वाफ होऊन निसटले आणि त्याचा मागमूस फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली, जर्मनीच्या हवेत लागला. उलट कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य वितळलेल्या पोलादातच मिसळून राहते, म्हणूनच २००८ साली ते फ्रान्समधल्या लिफ्टच्या बटणांत सापडले. ते पोलाद आपल्या खोपोलीच्या एका फाउंड्रीतून गेलेले होते.

चेर्नोबिलच्या त्या वणव्यातून उडालेल्या सीझियमचे वेगवेगळ्या शास्त्रज्ञांचे अंदाज काहीशे गिगाबेक्वेरेलच्या (किरणोत्सारी द्रव्य किती आहे, हे सांगणारे एकक) घरात आहेत, म्हणजे १९८६ साली बाहेर पडलेल्या सीझियमच्या लाखाव्या हिश्श्याहूनही कमी. युरोपभर घबराट पसरण्याचे कारण नव्हते. एप्रिलच्या मध्यास कीवची हवा जगातल्या सर्वांत वाईट हवांमध्ये गणली गेली, तेव्हाही तिथल्या लोकांना जास्त अपाय साध्या धुराने आणि धुळीनेच झाला असणार.

पण 'युरोप सुरक्षित आहे' हे उत्तर पेटलेल्या पाचोळ्यात उभ्या असलेल्या अग्निशामक जवानाच्या काय कामाचे? सगळ्यांचे लक्ष शेकडो किलोमीटरवरच्या शहरांतल्या आकड्यांकडे राहिले, आणि ज्यांच्या नाकातोंडात तो धूर सर्वांत दाट जात होता, ते चर्चेत जवळपास नव्हतेच. २०२२ च्या रशियन ताब्यानंतर तर त्या जंगलात सुरुंगांचीही भर पडली आहे. अशा प्रत्येक आगीनंतर जवानांची तपासणी व्हावी आणि निष्कर्ष नावे वगळून जाहीर व्हावेत, असे मला वाटते. शरीरातले सीझियम यंत्राने बाहेरून मोजता येते, प्लुटोनियमसाठी लघवीचे नमुने तपासावे लागतात. दोन्ही पद्धती जुन्या आणि रुळलेल्या आहेत.